तिच्या न गाण्याचं वर्ष

मॅडमना तिचं गाणं हवं होतं. पुढचं सगळं त्यातूनच झालं, म्हणून तिथूनच सांगते. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

मी समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. फील्डवर्कसाठी मला एका संस्थेत पाठवलं होतं. आई किंवा वडील गेलेल्या मुलांना आधार देणारी संस्था. डेक्कनच्या बाजूला एका बंगल्यात तिचं ऑफिस होतं. भिंतीवर इंद्रधनुष्य, कोपऱ्यात रंगीत उशा, टेबलावर कागदी रुमालांचे डबे. मांजरी गावातल्या घरून पहिल्या दिवशी तिथे पोचले तेव्हा मनात आलं, इथे रडण्याची किती चांगली सोय आहे. तेव्हा ते मी खरंच कौतुकाने म्हटलं होतं. आज त्यातला एकही शब्द बदलावा लागत नाही.

मॅडम संस्थेच्या प्रमुख. हातमागाच्या साड्या नेसायच्या. त्यांचा आवाज इतका मऊ की त्या रागावल्या होत्या हे माणसाला घरी गेल्यावर कळायचं. मुलांशी बोलताना त्या गुडघ्यावर बसायच्या, म्हणजे नजरेला नजर मिळते. नववीतल्या मुलीशी बोलतानाही बसायच्या. मग ती मुलगी वरून त्यांच्याकडे बघत राहायची.

मी म्हणतेय ती हीच मुलगी. रास्ता पेठेत राहणारं ज्यू कुटुंब. आई, ही, आणि तिसरीतला भाऊ. वडील आदल्या फेब्रुवारीत अचानक हार्ट अटॅकने गेले होते. शाळेने मुलांची नावं संस्थेला कळवली आणि जुलैत मी आल्यावर ती दोन मुलं माझ्याकडे आली. माझ्याकडे म्हणजे, दर आठवड्याला त्यांच्या घरी जाऊन बसायचं आणि परत येऊन लिहायचं. मी कधी ज्यू माणूस पाहिला नव्हता. कुठल्या भाषेत बोलायचं याचीच काळजी घेऊन जिना चढले होते. दार उघडून ती म्हणाली, "या ना ताई. चप्पल आत घ्या, बाहेरून जातात." तिची मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ होती. त्यांची कितीतरी पिढ्यांची भाषा मराठीच होती. मला फक्त ते कुणी सांगितलं नव्हतं.

जायच्या आधी मी फाइल वाचली होती. त्यात मॅडमनी पहिल्या भेटीचं लिहिलं होतं, 'घरातील आरसे झाकलेले आढळले. मुलीच्या स्वप्रतिमेवर काम करावे.' मी त्या ओळीखाली रेघ मारून ठेवली होती. महिन्याभराने ओळख वाढल्यावर मी भीत भीत विचारलं, तर ती हसायलाच लागली.

"ताई, माणूस गेलं की सात दिवस घरात बसतात आमच्यात. जमिनीवर. तेव्हा आरसे झाकतात. सगळ्यांकडेच. सात दिवसांनी काढतात." मग आवाज मऊ करून, मान एका बाजूला कलती करून, अगदी मॅडमसारखी म्हणाली, "बाळा, तुला स्वतःकडे बघायची भीती वाटते का गं?"

"असं म्हणाल्या?"

"आणि भेटायला आलेल्यांनी आधी बोलायचं नसतं. आम्ही बोललो तर बोलायचं. नाहीतर नुसतं बसायचं. समोरचे काका रोज येऊन नुसते बसायचे, चहासुद्धा घेतला नाही. तुमच्या मॅडम आल्या आणि बोलायच्या थांबल्याच नाहीत. मम्मी म्हणाली, बिचाऱ्यांचं कुणी गेलंय का?"

संस्थेत एक गिटारवाला दादा होता. मुलांना संगीतातून बोलतं करणं हे त्याचं काम. हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी करायचा आणि शनिवारी दुःखाकडे वळायचा. शनिवार यांचा प्रार्थनेचा वार, तेव्हा ही मुलं यायची नाहीत. त्याबद्दल फाइलमध्ये 'टाळाटाळ' असा शब्द होता. मी मॅडमना शनिवारचं सांगितलं. "हो, हो, माहितीये गं," असं म्हणून त्यांनी शब्द तसाच ठेवला. शेवटी मुलं रविवारी आली. दादाने गिटार छेडत धाकट्याला विचारलं, "तुझे पप्पा आता कुठे आहेत माहितीये? आकाशात. सगळ्यात चमकणारा स्टार दिसतो ना, ते."

धाकटा म्हणाला, "नाही. कब्रस्तानात आहेत. मी माती टाकली."

दादाचं बोट तारेवरून घसरलं. तो म्हणाला, "हो, पण सोल, आय मीन आत्मा..."

"फावड्याने टाकली. जड होतं. काकांनी धरलं होतं दुसऱ्या बाजूने."

तो हे अजिबात दुःखी न होता सांगत होता. आपण एक काम केलं, आणि मोठ्यांनी ते आपल्याला करू दिलं, अशा आवाजात. दादाने मात्र मला डोळ्यांनी खूण केली आणि नंतर बाहेर येऊन म्हणाला, "ट्रॉमा आहे. एवढ्या लहान मुलाला असं करायला लावतात? बॅकवर्ड आहे यार." त्याच्या मते मुलाला तारा सांगणं हे पुढारलेलं होतं.

गाण्याचं त्याच दिवशी फुटलं. दादाने सगळ्यांना काहीतरी गुणगुणायला सांगितलं. ती गप्प बसली. धाकट्याने मोठ्याने सांगून टाकलं, "ताईला येतं. खूप भारी येतं. पप्पा भांडी घासायचे, ती पुसायची आणि दोघं जुनी गाणी म्हणायची. खालचे आजोबा फर्माईश करायचे."

तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो उशीमागे गेला. पण ऐकायचं त्यांनी ऐकलं होतं.

जानेवारीच्या शेवटी संस्थेचा वार्षिक कार्यक्रम असतो. मोठा हॉल, पुढच्या रांगांत देणगीदार, रंगमंचावर मुलं. गेलेल्या आईसाठी कविता, गेलेल्या वडिलांसाठी नाच. मुलं रडली तर टाळ्या जास्त पडतात, आणि हे मुलांना तालमीतच कळतं. मॅडमनी ठरवलं की शेवटचं गाणं हिचं. वडिलांसोबत म्हणायची तेच, एकटीने, मंद प्रकाशात.

ती नाही म्हणाली. कारणही सांगितलं. आई किंवा वडील गेले की त्यांच्यात वर्षभर गाणंबजावणं नाही, लग्नसमारंभ नाहीत. तिचं वर्ष फेब्रुवारीत पुरं होत होतं.

"तू तिच्याशी बोल," मॅडम मला म्हणाल्या. "तुझ्यावर विश्वास आहे तिचा. बघ, ही मुलगी तिच्या आवाजातून मोकळी होणार आहे आणि घरचे रूढी घेऊन बसलेत. हे दडपण आहे. आपण मुलीच्या बाजूने उभं राहायचं."

मला तेव्हा खरंच कळत नव्हतं. कदाचित असेलही दडपण, असं वाटलं. त्या शिकलेल्या होत्या, परदेशात जाऊन आलेल्या होत्या. मी घरी आईला विचारलं. आई दारात लसूण सोलत होती.

"आई, वडील गेले म्हणून वर्षभर गाणं म्हणायचं नाही, हे पोरीवर जबरदस्ती करणं झालं का गं?"

"वरीस तर असतंच की. तुझा चुलता गेला तवा आपण आकाशकंदील लावला व्हता का?"

"नाही."

"तुझ्यावर जबरदस्ती केलती का कुणी?"

"नाही."

"मग यात काय शिकवायचं हाय? ह्येच्यासाठी जातीस व्हय एवढ्या लांब?"

मी तिच्या शेजारी बसून लसूण सोलायला घेतला. त्या दिवाळीत मी सातवीत होते. गल्लीतल्या सगळ्या घरांना कंदील होते, आमच्या दाराला नव्हता. शेजारच्यांनी फराळाचं ताट आणून दिलं होतं, कारण आमच्याकडे कढई चढली नव्हती. मला आठवतंय, त्या अंधाऱ्या दारामुळे मला बरं वाटलं होतं. चुलते खरोखर गेलेत हे सगळ्या गल्लीला दिसत होतं. मला एकटीला ते धरून ठेवावं लागत नव्हतं.

मी तिच्याशी बोलले, पण मॅडमना हवं तसं नाही. फक्त विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं. ती भूमितीचं करत होती. गणितात ती कच्ची होती आणि मला ते येत होतं, त्यामुळे आमच्या भेटींत बहुतेक वेळ प्रमेयंच चालायची. अहवालात मी त्याला काय म्हणायची, ते जाऊ दे.

"मम्मी तर म्हणाली, तू लहान आहेस, म्हटलंस तरी चालेल," ती म्हणाली. "मलाच नाही म्हणायचं."

"का?"

तिने कंपास मिटून ठेवला. "बाकी सगळ्यांसाठी तीस दिवस असतात, ताई. भाऊ गेला, बहीण गेली, तरी तीसच. वर्ष फक्त आईवडिलांसाठी. धाकटा सिनेगॉगमध्ये कद्दीश म्हणतो पप्पांसाठी. ती प्रार्थना आमच्याकडे मुलगाच म्हणतो. माझ्याकडे एवढंच आहे. ते मोडलं की मोडलं. पुन्हा नाही करता येत. पप्पांचं वर्ष परत येणार आहे का?"

मी हे शब्द न बदलता मॅडमना सांगितले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "किती सुंदर बोलते. हे निवेदनात घेऊ आपण." आणि लगेच, "मी स्वतः जाते घरी."

मंडईत कोथिंबिरीचा भाव करताना पुण्यातली माणसं जितकी चिवट असतात, तितक्या चिवटपणे मॅडम त्या घरात बसल्या. मी शेजारी होते. तिची आई पॅथॉलॉजी लॅबमधून नुकतीच आली होती, अजून पर्स खांद्यालाच होती.

"पूर्ण गाणं नको, एकच कडवं," मॅडम म्हणाल्या.

"नाही, मॅडम," ती म्हणाली.

"बरं, एकटीने नको. कोरसमध्ये उभी राहा."

"नाही."

"शब्द नकोत. नुसतं गुणगुणायचं. त्याला गाणं नाही म्हणत गं कुणी."

"मी म्हणते," ती म्हणाली.

मॅडम तिच्या आईकडे वळल्या. "अहो, तुम्ही सांगा ना तिला. मुलं आपल्या आज्ञेबाहेर नसतात."

"मॅडम, गेल्या वेळी आपणच म्हणालात, मी तिच्यावर लादते," तिची आई शांतपणे म्हणाली. "आता लादू का?"

मॅडम शेवटी मेणबत्तीवर आल्या. गाणं दुसरं कुणी म्हणेल, हिने फक्त रंगमंचावर मेणबत्ती घेऊन उभं राहायचं.

"मेणबत्ती मी घरी लावते," ती म्हणाली.

खाली उतरताना मॅडम मला म्हणाल्या, "प्रतिकार खूप आहे. शाळेला पत्र लिहावं लागेल. दीर्घकाळ रेंगाळलेलं दुःख, समुपदेशनाची गरज." वर्ष अजून पुरं व्हायचं होतं आणि यांच्या हिशेबात ते रेंगाळलेलंसुद्धा होतं.

मग संक्रांत आली. ऑफिसात दरवर्षी मॅडमकडून हळदीकुंकू असायचं म्हणे. यंदा कुणीतरी विचारलं, वाण काय द्यायचं. मॅडम हात जोडून म्हणाल्या, "नाही गं, यंदा माझ्याकडून काही नाही. सासूबाई गेल्या ना श्रावणात. वर्ष आहे आमचं." सगळ्यांनी माना हलवल्या. एकीने त्यांच्या हातावर हात ठेवला. गिटारवाल्या दादानेही चेहरा गंभीर केला. बॅकवर्ड हा शब्द कुणाला आठवला नाही. त्यांच्यासमोर टेबलावर शाळेला पाठवायचं ते पत्र पडलेलं होतं, सहीसाठी.

माझे फील्डवर्कचे मार्क त्यांच्या हातात होते, आणि शिवाय मला वाक्यं वेळेवर सुचत नाहीत. तिळगुळाची वडी तोंडात धरून मी उभी राहिले.

कार्यक्रमाच्या दिवशी धाकट्याचं चित्र हॉलच्या बाहेर लावलं होतं, म्हणून ती त्याला घेऊन आली. चित्रात दोन माणसांनी धरलेलं फावडं होतं. मॅडमनी खाली पट्टी लावली होती, 'बीज पेरताना.' धाकटा ती वाचून म्हणाला, "हे कुणाचं चित्र आहे? माझं असंच होतं." मग त्याला खाऊची पिशवी मिळाली आणि तो आत मुलांच्या रांगेत जाऊन बसला. ती बाहेर माझ्याजवळ बाकावर थांबली. आत गाणी सुरू होणार होती, म्हणून ती आत जात नव्हती.

मध्यंतराच्या आधी मॅडम लगबगीने बाहेर आल्या. ब्लाउजला माइक लावलेला, केसांत काही नाही, कारण वर्ष होतं.

"आलीस ना? मला माहीत होतं. शेवटचा आयटम तुझाच ठेवलाय. आता सगळं तुझ्यावर आहे, बाळा. पुढे बसलेले लोक मुद्दाम तुझ्यासाठी थांबलेत."

"मी भावाला सोडायला आले," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला.

मॅडम गुडघ्यावर बसल्या. तिचे दोन्ही हात हातात घेतले. "पप्पांना काय वाटेल? ते असते तर म्हणाले असते, गा."

तिला हात सोडवून घेता येईनात. तिने माझ्याकडे पाहिलं. मॅडमनीही माझ्याकडे पाहिलं. "तू सांग तिला. आत घेऊन ये. तुझं काम आहे हे."

मी उभी राहिले. मी म्हणाले, "मॅडम, आपलं वर्ष श्रावणापर्यंत आहे ना?"

"काय?"

"नाही, म्हणजे... सासूबाईंचं. आपण हळदीकुंकू केलं नाही यंदा."

त्या उठल्या. गुडघ्याला लागलेली धूळ झटकली. "ते वेगळं आहे. आमच्याकडे पद्धत आहे ती."

"यांच्याकडेही पद्धतच आहे," मी म्हणाले.

मॅडमनी ब्लाउजचा माइक चाचपून पाहिला, बंद आहे ना म्हणून. तो बंद होता. मग त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमच्या बॅचला वाचन फार कमी आहे गं," आणि आत गेल्या. दार मिटताना स्पीकरवर त्यांचा आवाज आला की आमची एक गुणी मुलगी आज भावनावेगामुळे येऊ शकत नाहीये, आणि हॉलमध्ये टाळ्या झाल्या. न गाण्यालाही त्यांनी टाळ्या मिळवल्याच.

आम्ही दोघी हॉलच्या फाटकाबाहेर जाऊन फुटपाथवर उभ्या राहिलो, आतलं ऐकू येऊ नये म्हणून. ती काही बोलली नाही, म्हणून मीही बोलले नाही. एवढं मी तिच्याकडून शिकले होते. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक वरात वळली. बँडवाले, पुढे नाचणारी पोरं, घोड्यावर घामेजलेला नवरदेव. ट्रम्पेट थेट आमच्या कानाशी.

"आता?" मी विचारलं.

त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. "कानावर पडलं तर चालतं, ताई. मी कुठे लग्नाला आलेय." मग वरातीकडे बघत म्हणाली, "यांना पण मॅडमकडे पाठवायला पाहिजे. खूप मोकळे झालेत."

माझ्या फील्डवर्कच्या शेऱ्यात मॅडमनी लिहिलं, 'भावनिक अंतर राखता येत नाही.' मार्क बेताचे आले. शाळेला पत्र गेलं. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी तिला बोलावलं, काय होतंय विचारलं, तिने सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं मग थोडेच दिवस राहिलेत की," आणि वर्गात पाठवून दिलं. त्या बाईंना संस्थेच्या कार्यक्रमात कधी बोलावलेलं मला दिसलं नाही.

वर्ष पुरं झालं. तिच्या आईने नवस बोललेला होता, मुलं हे वर्ष नीट पार करू देत म्हणून. त्यांच्यात तसा नवस एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला बोलतात आणि फेडताना मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, सुका मेवा, आणि भोवती फळं. मला बोलावलं होतं. माझं फील्डवर्क त्या कुटुंबापुरतं संपलेलं होतं, म्हणून मी संस्थेत सांगितलं नाही. बेदाणे निवडायचं काम मला मिळालं. समोरचे काका आले होते, तेच, नुसते बसणारे. नात्यातली काही मोठी माणसं होती. ताटाभोवती प्रार्थना झाली आणि मग तिथे म्हणतात ते गाणं सुरू करायचं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते असं नाही. मोठ्यांपैकी एकाने घसा खाकरला होता. पण तिने आधी सुरुवात केली.

पहिली ओळ फाटली. सूर खाली लागला, दुसऱ्या ओळीत आणखी खाली उतरता येईना, मध्येच थांबावं लागलं. माझ्या खिशात फोन थरथरत होता. मॅडमचा असणार, त्या आठवड्यात मी अजून केस बंद केल्याचं लिहून दिलं नव्हतं.

"ताई बेसूर झाली," धाकटा म्हणाला.

"वर्षभर बंद होतं," ती म्हणाली. "गंज चढणारच."

तिच्या आईने मान खाली घालून पदराने चष्मा पुसला. काका पहिल्यांदाच काहीतरी बोलले. म्हणाले, "घाई नाही."

ती पाणी प्यायली, आणि तिने जरा वरच्या पट्टीत पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.